स्वप्नातील भावना जागेपणीच्या दिवसाशी कशी पडताळावी: तीन आठवड्यांच्या वहीची पद्धत

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की तिच्यातील 'वसे' या शब्दाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दिवसभरात मनातून शेकडो गोष्टी येतात आणि जातात. वस्तीला राहते ती एखादीच, आणि तीही बहुधा भावनेच्या रूपाने राहते. स्वप्नात दिसणारे चित्र, मग तो साप असो, पडलेला दात असो किंवा चुकलेली परीक्षा असो, त्या भावनेने रात्रीपुरते घेतलेले सोंग असते. म्हणून ज्याला आपल्या स्वप्नांतून जागेपणीच्या मनाविषयी काही समजून घ्यायचे आहे, त्याने चित्राचा अर्थ शोधण्याआधी भावनेचे नाव शोधावे. मी वैद्यकीय व्यवसायात नाही. नागपुरातील एका महाविद्यालयात शिकवतो आणि गेली अकरा वर्षे स्वप्नांची वही ठेवतो. पुढे दिलेली पद्धत त्या वहीतून आणि या विषयावरील संशोधनाच्या वाचनातून तयार झाली आहे, आणि ती तीन आठवडे कोणालाही करून पाहता येईल.

आपल्याकडे स्वप्नांचा विचार केवळ शुभाशुभापुरता झाला, असा एक समज आहे. तो खरा नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक (पुढे घडणाऱ्या गोष्टी सुचवणारे) आणि दोषज (शरीरातील दोषांमुळे पडणारे). यांपैकी पहिल्या पाचांना, म्हणजे पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींच्या स्वप्नांना, तेथे 'अफल' म्हटले आहे. त्यांवरून पुढे काय घडेल याचे अनुमान वैद्याने करू नये, असा त्याचा आशय आहे. आपली बहुतेक सगळी स्वप्ने या पाचांत बसतात. दात पडला की घरात वाईट बातमी, पाणी दिसले की पैसा, अशी तयार कोष्टके त्यामुळे बाजूला ठेवूनच वही उघडावी, कारण एकाच पाण्याने एकाला हायसे वाटते आणि दुसऱ्याचा जीव गुदमरतो, आणि कोष्टकाला हा फरक दिसतच नाही.

रात्री काय घडते

शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली असे दाखवून दिले की झोपेच्या काही टप्प्यांत मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलत असतात, आणि त्या वेळी उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. या टप्प्याला रेम झोप म्हणतात. झोपेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते, रात्रीत अशी ४ ते ५ आवर्तने होतात आणि प्रौढ माणसाच्या एकूण झोपेपैकी सुमारे २० ते २५ टक्के भाग रेम झोपेचा असतो. स्वप्ने इतर टप्प्यांतही पडतात, परंतु लांबलचक, चित्रमय आणि भावनेने भरलेली स्वप्ने या टप्प्यात अधिक पडतात. रात्रीच्या उत्तरार्धात रेम झोपेचा कालावधी वाढत जातो. 'पहाटेचे स्वप्न खरे होते' हा समज कशामुळे रुजला असावा, याचे उत्तर मला येथेच दिसते: पहाटेची स्वप्ने दीर्घ असतात, त्यांतून आपण थेट जागे होतो आणि म्हणून तीच आठवणीत राहतात.

भावनांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की रेम झोपेत मेंदूतील अमिग्डाला हा भीती आणि इतर तीव्र भावनांशी संबंधित भाग चांगलाच सक्रिय असतो, तर तर्क आणि आत्मपरीक्षण सांभाळणारे कपाळामागील काही भाग मंदावलेले असतात. त्याच वेळी नॉरॅड्रेनॅलिन या ताणाशी निगडित रसायनाचे प्रमाण अगदी खाली जाते. त्यामुळे दिवसाची बोचणारी आठवण रात्री कमी बोचक वातावरणात पुन्हा हाताळली जाते आणि तिची धार उतरते, असे काही संशोधक मानतात. सगळेच मानतात असे नाही. मात्र मानसशास्त्रज्ञ कॅल्व्हिन हॉल यांनी हजारो स्वप्नवर्णने गोळा करून जो मुद्दा मांडला, तो पुढच्या अभ्यासांतही पुष्कळ अंशी टिकून राहिला आहे: स्वप्नातील माणसे, काळज्या आणि मनाची गुंतवणूक जागेपणीच्या आयुष्याशी सलग असतात. तरीही आपण दिवसभर जे करतो तेच रात्री दिसते असे नाही. स्वप्नांचे अभ्यासक अर्नेस्ट हार्टमन यांना असे आढळले की रोज कितीतरी तास वाचन, लेखन आणि आकडेमोड करणाऱ्या माणसांनाही ही कामे स्वप्नात क्वचितच दिसतात. दिवसाचे किती तास एखाद्या गोष्टीला दिले, यापेक्षा तिने मनाला किती स्पर्श केला, हे स्वप्नाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरते.

सुरुवातीपूर्वी झोपेची व्यवस्था

नागपुरात ही वही मे महिन्यात सुरू करू नये, असा माझा आग्रह आहे. रेम झोपेत घाम येणे किंवा कुडकुडणे ही शरीराची तापमान सांभाळणारी यंत्रणा जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे रात्रीही उकाडा असेल तर रेम झोप तुटते आणि माणूस वारंवार जागा होतो. वारंवार जाग आल्याने स्वप्ने उलट अधिक आठवतात. मग पाऱ्याने पंचेचाळिशी ओलांडलेल्या आठवड्यातील वही भरगच्च होते, परंतु तिच्यातील चिडचिड मनाची की कूलरमधील पाणी संपल्याची, हे ठरवता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. दारू रात्रीच्या पूर्वार्धातील रेम झोप दाबते आणि उत्तरार्धात ती उसळून येते, म्हणून प्यायलेल्या रात्रीची नोंद वेगळी खूण करून ठेवावी. काही नैराश्यविरोधी औषधे आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील काही औषधे स्वप्नांचे स्वरूप बदलतात. अशी औषधे चालू असतील तर वहीच्या पहिल्या पानावर त्यांची नावे लिहावीत. वहीसाठी ती स्वतःहून बंद मात्र कधीही करू नयेत.

पहिली पायरी: स्वप्न निसटण्यापूर्वी पकडणे

जाग आल्यावर ज्या कुशीवर असाल त्याच कुशीवर, डोळे न उघडता, एखादा मिनिट पडून राहावे. आधी शेवटचे दृश्य आठवावे आणि तेथून मागे जावे. अंग हलवले, मोबाइल हातात घेतला किंवा 'चहा झाला का' एवढे जरी विचारले, तरी अर्धे स्वप्न विरून जाते. वही आणि पेन उशाशीच ठेवावे. दिवा न लावता चाचपडून सापडतील अशा जागी. वर्णन वर्तमानकाळात लिहावे, म्हणजे 'मी जिना चढतो आहे, पायऱ्या संपत नाहीत' असे. वाक्ये घासूनपुसून लिहिण्याची गरज नाही.

स्वप्न आठवलेच नाही, तरी पान कोरे ठेवू नये. 'काही आठवत नाही, परंतु छातीवर ओझे असल्यासारखे वाटते आहे' ही नोंद पुरेशी असते. पहिल्या चार-पाच दिवसांत बहुतेकांच्या हाती अशाच नोंदी येतात. नियमित लिहू लागल्यावर आठवण आपोआप वाढते.

दुसरी पायरी: भावनेचे नेमके नाव

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि लोक हिच्यावरच सर्वांत कमी वेळ देतात. वर्णन संपताच त्याखाली रेघ ओढून तीन गोष्टी लिहाव्यात: स्वप्नात काय वाटले, शरीरात कोठे वाटले आणि ० ते १० या मोजपट्टीवर किती वाटले. 'भीती वाटली' एवढ्यावर थांबू नये. मराठीने यासाठी आपल्या हाती फार बारीक शब्द दिले आहेत. निकालापूर्वीची धाकधूक वेगळी, अंधारात सुटलेला थरकाप वेगळा आणि कोणी पकडेल या विचाराने पोटात येणारा गोळा वेगळा. करायचे राहून गेल्याची रुखरुख, गमावल्याची खंत, दूर गेलेल्या माणसासाठी लागणारी हुरहूर, चारचौघांत ओशाळणे, काही करता न आल्याची चडफड, दुसऱ्याला मिळाले म्हणून वाटणारा हेवा, जिवाची कालवाकालव: या प्रत्येक शब्दामागे परिस्थिती निराळी आहे, आणि ती परिस्थितीच आपल्याला दिवसात शोधायची आहे. नुसत्या 'टेन्शन' या शब्दावरून ती सापडणार नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शहरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडेचे प्रतीक मानलेल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' असा पुकारा होतो, आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषरूपी पुतळ्यांवर, तर त्या वर्षीच्या पीडेचे नावच लिहिलेले असते. जी पीडा बाहेर काढायची तिला आधी नाव द्यावे लागते, हे शहाणपण मला त्या मिरवणुकीत दरवर्षी नव्याने दिसते.

एका स्वप्नात भावना दोन-तीनदा बदलू शकते. जेथे ती बदलली तेथे बाण काढावा. सुखद भावना आवर्जून लिहाव्यात. बाहेरच्या परीक्षकांनी स्वप्नवर्णने वाचून भावना मोजल्या तर अप्रिय भावनांचे पारडे फारच जड दिसते, परंतु स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारले तर आनंद, कुतूहल आणि आपुलकी यांचे प्रमाण वाढते. माणसाला सुखद भावना जाणवलेल्या असतात. त्या लिहाव्यात असे त्याला वाटत नाही, एवढेच.

तिसरी पायरी: संध्याकाळची स्वतंत्र नोंद

रात्री जेवणानंतर वहीच्या मागच्या बाजूने, सकाळचे पान न वाचता, दिवसातील तीन भावनिक क्षण लिहावेत: कोणाशी, कोठे, काय वाटले, किती वाटले. सीताबर्डीच्या गर्दीत कोणी अपमान केला, मुलीचा फोन आला, वरिष्ठांनी बैठकीत नाव घेतले नाही, असे कोणतेही क्षण चालतील. जे गिळून टाकले त्याला प्राधान्य द्यावे, कारण दिवसा दाबून ठेवलेले विचार रात्री डोके वर काढतात असे प्रयोगांत दिसून आले आहे. ही नोंद स्वप्नाच्या आधीच झालेली असणे अत्यावश्यक आहे. स्वप्न पडून गेल्यावर दिवस आठवू लागलो, तर मन स्वप्नाला जुळणारेच प्रसंग शोधून देते आणि मग प्रत्येक स्वप्न कशाशीतरी हमखास जुळते.

चौथी पायरी: रविवारची पडताळणी

आठवड्यातून एकदाच, शांतपणे, दोन्ही बाजू एकत्र वाचाव्यात. प्रत्येक स्वप्नासाठी आधी मागचे दोन दिवस पाहावेत आणि नंतर पाच ते सात दिवसांपूर्वीची पाने पाहावीत. दिवसाचे पडसाद पहिल्या एक-दोन रात्रींत उमटतात आणि मधले काही दिवस विरळ होऊन साधारण आठवड्याने पुन्हा उमटतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. जुळवणी चित्राची न करता भावनेच्या शब्दाची करावी.

याचे माझ्या वहीतील एक उदाहरण सविस्तर सांगतो. महाल भागातील आमचे वडिलोपार्जित घर विकले, त्या दिवशी कागदपत्रांवर सह्या झाल्यावर मी सर्वांना सांगितले की मला काही विशेष वाटले नाही. सहाव्या रात्री स्वप्न पडले: मी वडिलांची जुनी सायकल हातात धरून बसथांब्याच्या रांगेत उभा आहे, सायकल कोणालातरी परत द्यायची आहे, परंतु ती कोणाची हे मला आठवत नाही आणि मागे उभी असलेली माणसे माझ्याकडे पाहत आहेत. चित्रावरून मी लगेच निष्कर्ष काढला असता की वडिलांची आणि घराची आठवण झाली. भावनेच्या रकान्यात मात्र मी सकाळीच लिहिले होते: 'ओशाळलो. मान खाली. ७.' खंत किंवा हुरहूर हे शब्द तेथे नव्हते. रविवारी मागची पाने चाळताना व्यवहाराच्या दिवसाची नोंद सापडली. आमच्याकडे तीस वर्षे भाड्याने राहिलेल्या काकूंनी दारात थांबवून विचारले होते, 'बाळा, आमचं कधीपर्यंत चालेल इथे?' आणि मी 'बघू' म्हणून नजर चुकवून निघून आलो होतो. खाली शब्द होता 'ओशाळलो', आकडा ६. घर गेल्याचे दुःख मला खरोखरच फारसे नव्हते. सलत होते ते न दिलेले उत्तर.

दोन बंधने येथे पाळावीत. शब्द जुळला नाही तर 'जुळत नाही' असे लिहून पुढे जावे. माझ्या वहीत जवळपास निम्म्या स्वप्नांपुढे हेच लिहिलेले आहे. आणि एका स्वप्नावरून स्वतःविषयी किंवा जोडीदाराविषयी कोणताही निर्णय घेऊ नये. तीन आठवड्यांत तीच भावना तीन-चार निरनिराळ्या चित्रांतून आली असेल, तर ती मनात वसलेली आहे असे मानायला आधार मिळतो.

पाचवी पायरी: जागेपणी एक लहान कृती

सापडलेल्या भावनेसाठी त्या आठवड्यात एकच कृती ठरवावी: एक फोन, एक भेट, एक राहिलेले पत्र, किंवा नुसते मोकळेपणाने रडणे. मी काकूंकडे गेलो, नव्या मालकांनी दिलेली मुदत त्यांना स्पष्ट सांगितली आणि त्यांच्यासाठी दुसरी खोली शोधू लागलो. स्वप्नसंशोधक रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटाच्या काळात नैराश्यात सापडलेल्या व्यक्तींच्या स्वप्नांचा अभ्यास केला, तेव्हा ज्यांच्या स्वप्नांत पूर्वीचा जोडीदार भावनेसह येत होता आणि जुन्या आठवणींशी जोडला जात होता, ते पुढे अधिक प्रमाणात सावरलेले आढळले. दुःखाचे स्वप्न पडणे हे सावरण्याच्या कामाचा भाग असू शकते. म्हणून ते पडू नये यासाठी धडपडण्याचे कारण नाही.

उलट दिशाही ध्यानात घ्यावी. वाईट स्वप्नाचा परिणाम सकाळच्या मनःस्थितीवर रेंगाळतो, आणि कारण आठवत नसताना आपण घरच्यांवर चिडतो. ज्या दिवशी सकाळचा आकडा ६ च्या वर असेल, त्या दिवशी न्याहारीपूर्वी घरात एवढेच सांगावे की आज स्वप्नामुळे मन ठिकाणावर नाही.

तेच दुःस्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. माझ्या एका मावसबहिणीचे घर त्या पाण्यात सापडले. तिला नंतर कित्येक महिने जे स्वप्न पडत होते त्यात पाण्याचा थेंबही नव्हता: ती रेल्वे फाटकात अडकलेली आहे, दोन्ही दांडे खाली आहेत आणि गाडीचा आवाज जवळ येतो आहे. हार्टमन यांनी याच्या उलट उदाहरणे नोंदवली आहेत. आगीसारख्या संकटातून वाचलेल्यांना प्रचंड लाटेची स्वप्ने पडतात. लाट असो वा फाटक, असहायता तीच.

अशा स्वप्नासाठी दिवसा करण्याचा एक सराव आहे. बॅरी क्राकोव्ह आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या १६८ स्त्रियांवर केलेला त्याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, आणि हा सराव शिकलेल्यांची दुःस्वप्ने लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे त्यात दिसले. पद्धत सोपी आहे. दुःस्वप्न थोडक्यात लिहावे. मग ते स्वतःला हवे तसे बदलून पुन्हा लिहावे. बदल पटण्याजोगाच असावा अशी अट नाही, तो दुसऱ्याने सुचवलेला मात्र नसावा. नंतर रोज दिवसाउजेडी १० ते २० मिनिटे डोळे मिटून फक्त बदललेले स्वप्न मनात पाहावे, जुने पुन्हा उगाळू नये. ताईने आपल्या स्वप्नात फाटकवाल्याला आणले. तो दांडा उचलतो आणि तिला ओसरीवर बसवून पाणी देतो. महिन्याभराने तिच्या वहीतील ९ चा आकडा ४ वर आला. सुरुवात सौम्य दुःस्वप्नापासून करावी. मूळ घटना फार भयंकर असेल आणि नुसते लिहितानाच हातपाय गार पडत असतील, तर हा सराव एकट्याने न करता मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने करावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

आठवड्यातून अनेकदा दुःस्वप्ने पडून झोपेचीच भीती वाटू लागली, एखाद्या आघाताची दृश्ये दिवसाही डोळ्यांपुढे येऊ लागली, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर वही मिटून मदत घ्यावी. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. आपल्या शहरात मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये, मिहान येथील एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय येथे मानसोपचार उपलब्ध आहेत. आणखी एक लक्षण वेगळे सांगितले पाहिजे. रेम झोपेत स्नायू शिथिल पडतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी पलंगावरच राहतो. घरातील उतारवयाचे माणूस झोपेत ओरडत असेल, लाथा किंवा बुक्के मारत असेल आणि उठवल्यावर तसेच स्वप्न सांगत असेल, तर त्याच्या स्वभावाला दोष न देता त्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे. हा पार्किन्सनसारख्या आजाराचा फार आधी दिसणारा इशारा असू शकतो.

वही कोणाला दाखवावी

शक्यतो कोणालाही नाही. स्वप्नात जवळच्या माणसांविषयी राग, हेवा आणि आकर्षण अशा गोष्टी येतात, ज्या जागेपणी आपण कधीच उच्चारल्या नसत्या. दुसरे कोणी वाचेल अशी शंका आली की हात आखडतो आणि भावनेच्या रकान्यात पुन्हा 'टेन्शन' हा एकच शब्द उतरू लागतो. मन हलके करायचे असेल तर स्वप्न सांगावे, वही देऊ नये. माझ्या घरी पहिल्या रात्रीच ठरले होते की उशाजवळची निळी वही चादर झटकताना उचलायची आणि न उघडता परत ठेवायची. आजवर सर्वांनी ते पाळले आहे.